राजाच्या ओसरीवर : ज्ञानाला आणि नीतीला एकाच दिवशी विचारलेले प्रश्न

आवाज मागेपर्यंत येतोय ना? ठीक.

आजचा विषय फलकावर जरा भारदस्त लिहिला गेला आहे. मी तो सोपा करून सांगतो. सॉक्रेटिस ज्या तऱ्हेचे प्रश्न विचारायचा, ते विसाव्या शतकातल्या काही सिद्धान्तांना विचारून बघायचे, एवढंच आज करायचं आहे. आणि जाता जाता थोडं उलटंही, म्हणजे सॉक्रेटिसलाच एक-दोन प्रश्न.

सुरुवात एका बारीक तपशिलापासून करू. प्लेटोचा 'थिएटेटस' नावाचा संवाद आहे. ज्ञान म्हणजे काय, हा त्याचा विषय. दिवसभर चर्चा होते, उत्तर सापडत नाही, आणि शेवटी सॉक्रेटिस उठतो. त्याला राजाच्या ओसरीवर जायचं असतं, कारण मेलेटसने त्याच्यावर खटला गुदरलेला आहे. उद्या सकाळी पुन्हा भेटायचं ठरवून तो निघतो. 'ओसरी' हा शब्द माझा. मूळ शब्द 'स्टोआ', म्हणजे खांबांची उघडी पडवी. धर्माविरुद्धचे गुन्हे आणि मनुष्यवध यांची प्रकरणं अथेन्समध्ये ज्या अधिकाऱ्यापुढे जात, त्याला 'राजा' म्हणायचे. राज्य गेलं होतं, पदवी तेवढी उरली होती. त्याची ही कचेरी. 1970 साली अमेरिकन उत्खननात तिचा पाया सापडला.

आता 'युथिफ्रो' हा दुसरा संवाद उघडा. तो सुरूच होतो त्या ओसरीवर. सॉक्रेटिस खटल्याच्या कामासाठी आलेला आहे, तिथे त्याला युथिफ्रो भेटतो, आणि धर्म्य कशाला म्हणायचं, योग्य गोष्ट योग्य कशामुळे ठरते, यावर बोलणं सुरू होतं. म्हणजे कथेच्या हिशोबाने हा एकच दिवस, इसवी सनपूर्व 399 मधला. 'युथिफ्रो' प्लेटोने आधी लिहिला, 'थिएटेटस' बऱ्याच वर्षांनी. नंतरचं पुस्तक लिहिताना त्याने त्याचा शेवट मुद्दाम आधीच्या पुस्तकाच्या दारात आणून सोडला.

आपल्याकडे एम. ए.ला ज्ञानमीमांसेचा पेपर वेगळा आणि नीतिशास्त्राचा वेगळा. शिकवणारे वेगळे, नोट्स वेगळ्या, आणि दोघांत वेळापत्रकावरून होणारं भांडण सोडलं तर फारसा संबंध नाही. मी जन्मभर ज्ञानमीमांसा शिकवली. शेजारच्या वर्गात नीतिशास्त्र चालायचं, त्याचा आवाज मला भिंतीतून यायचा, एवढीच माझी त्याची ओळख. ही भिंत चुकीच्या ठिकाणी बांधली गेली आहे असं मला फार उशिरा वाटायला लागलं.

आधी एक कबुली देऊन टाकतो. अनेक वर्षं मी वर्गात सांगत आलो की ज्ञानाची अभिजात व्याख्या प्लेटोने दिली : ज्ञान म्हणजे समर्थित सत्य विश्वास. एखादी गोष्ट खरी असली पाहिजे, तुमचा तिच्यावर विश्वास असला पाहिजे, आणि त्या विश्वासाला पुरेसा आधार असला पाहिजे. तीन अटी, प्रश्नाला वीस मार्क. पाठ्यपुस्तकात असंच होतं आणि मीही तेच सांगितलं. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, पण त्या पुस्तकात शेवटी ही व्याख्या फेटाळली आहे ना?" मी घरी जाऊन पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. थिएटेटस नावाचा तो हुशार मुलगा तीन उत्तरं देतो : ज्ञान म्हणजे संवेदन, ज्ञान म्हणजे खरं मत, ज्ञान म्हणजे स्पष्टीकरणासह खरं मत. सॉक्रेटिस तिन्ही पाडतो. तिसऱ्या उत्तरात अडचण अशी की 'स्पष्टीकरण' म्हणजे काय हे सांगायला गेलं की ज्ञान हा शब्द पुन्हा आत शिरतो. म्हणजे प्लेटोने जी व्याख्या तपासून नापास केली, ती आपण त्याच्या नावावर चिकटवली. 'मेनो' या संवादात तिच्याशी मिळतंजुळतं काही सापडतं, हे मान्य. पण जिथे सगळं पुस्तकच या प्रश्नावर आहे, तिथे निकाल उलटा आहे.

या संवादात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र तिसरं उत्तर नव्हे. दुसरं उत्तर पाडताना सॉक्रेटिस न्यायालयाचं उदाहरण देतो. वकिली करणारे लोक घटिकापात्राच्या मोजक्या वेळात न्यायपंचांचं मत वळवतात. जी गोष्ट फक्त डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच कळू शकते, तिच्याबद्दल पंच ऐकीव बोलण्यावरून निर्णय देतात. समजा, निर्णय बरोबर आला. मग पंचांकडे खरं मत होतं, ज्ञान नव्हतं. संपला युक्तिवाद. अर्धं पानसुद्धा नाही. आता हे कोण बोलतोय ते लक्षात घ्या. ज्याला लवकरच सुमारे पाचशे पंचांपुढे उभं राहायचं आहे, तो माणूस हे बोलतोय. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता, असं निकालानंतर तो स्वतःच सांगतो. तेव्हा हे उदाहरण तर्कशास्त्राच्या वहीतून आलेलं नाही.

आमच्या पिढीतल्यांना नानावटी खटला आठवत असेल. 1959 साली मुंबईत ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, आणि तिथे शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी ज्यूरीचं मन आधीच वळवलं होतं, असं तेव्हा सगळेच म्हणत. पण तिथे ज्यूरी चुकली अशी तक्रार होती. सॉक्रेटिसचा प्रश्न त्याहून अवघड आहे. ज्यूरी बरोबर आली, तरीसुद्धा काय?

या प्रश्नाशी माझा एकदा संबंध आला, तो सांगतो. मी ज्या कॉलेजात होतो तिथे परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी तिघांची समिती असे. ऐंशीच्या दशकात मी तिच्यावर होतो. एका मुलाच्या बाकाखाली कॉपी सापडली. दुपारच्या सत्रातला पेपर, पर्यवेक्षकांचा लेखी अहवाल, चिठ्ठीवर त्याच विषयातला मजकूर, आणि अक्षरही आम्हाला त्याच्यासारखं वाटलं. मुलगा एवढंच म्हणत राहिला की ही चिठ्ठी माझी नाही. आम्ही त्याला दोषी धरलं. त्याची त्या वर्षाची परीक्षा रद्द झाली. अहवालावर तीन सह्या आहेत, त्यातली एक माझी.

जवळजवळ वीस वर्षांनी एका लग्नात तो भेटला. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान टाकलं होतं, बरं चाललं होतं. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसला आणि हसत म्हणाला, "सर, मी कॉपी केली होती. पण ती चिठ्ठी माझी नव्हती." सकाळच्या सत्रात त्याच बाकावर बाहेरून परीक्षेला बसणारा एक जण होता. त्याचा दुसऱ्या वर्षाचा पेपर होता, पण धडा तोच. त्याने ती टाकली होती, आणि पुढे केव्हातरी त्यानेच याला सांगितलं. हा गडी स्वतः पुढच्या बाकावरच्या मुलाच्या पुरवणीवरून उतरवत होता, जे कोणीच पाहिलं नव्हतं.

आता पाहा. "या मुलाने कॉपी केली" हे आमचं मत खरं होतं. आमचा त्यावर विश्वास होता. आधार होता, आणि तो वाईटही नव्हता. तुमच्यापैकी कोणीही त्या समितीवर असतं तर तेच म्हणालं असतं. तीन अटी, तिन्ही पूर्ण. पण आम्हाला ते माहीत होतं का? नव्हतं. आमचा आधार एका वाटेने गेला आणि सत्य दुसऱ्या वाटेने येऊन त्याच मुक्कामी पोचलं. हेही मला त्याच्याच तोंडून कळलं, त्याचा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणजे मी अजूनही ज्यूरीतच बसलोय म्हणा.

हीच अडचण 1963 साली एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाने 'अॅनॅलिसिस' या नियतकालिकात तीन पानांच्या लेखात मांडली. स्मिथ आणि जोन्स दोघे एकाच नोकरीसाठी आलेत. जोन्सला नोकरी मिळणार आणि त्याच्या खिशात दहा नाणी आहेत, असं स्मिथला भक्कम आधाराने वाटतं. त्यावरून तो म्हणतो, ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते, आणि योगायोगाने त्याच्याही खिशात दहा नाणी निघतात. विधान खरं, आधार आहे, ज्ञान नाही. या तीन पानांवर पुढे इतकं लिहिलं गेलं की एखादं कपाट भरेल.

आपल्याकडच्या लोकांना हे वाचून ओळखीचं वाटायला हवं होतं. आठव्या शतकातला बौद्ध नैयायिक धर्मोत्तर एक उदाहरण देतो : मांस भाजायला आग नुकतीच पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही, पण वासाने माश्यांचा थवा जमला आहे. लांबून पाहणारा त्या थव्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग असते. बाराव्या शतकात श्रीहर्ष 'खण्डनखण्डखाद्य' या ग्रंथात मुठीतल्या कवड्यांचं उदाहरण घेतो. मुठीत किती कवड्या, असं विचारल्यावर एक जण ठोकून देतो 'पाच', आणि पाचच निघतात. ते सत्य आहे, पण ती प्रमा आहे का? बिमल कृष्ण मतिलाल यांनी 1986 च्या 'पर्सेप्शन' या ग्रंथात श्रीहर्ष आणि गेटियर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कुठे आम्ही जागे झालो. असो. "आमच्याकडे आधीच होतं" हा सूर मला लावायचा नाही. श्रीहर्षाचा हेतू वेगळा होता. त्याला ज्ञानाची व्याख्या दुरुस्त करायची नव्हती. अशी कुठलीही व्याख्या टिकत नाही, हे दाखवायचं होतं.

गेटियरनंतर मात्र सगळे दुरुस्तीच्या मागे लागले. चौथी अट घाला, तिसरी अट बदला. त्यातला सर्वांत दमदार प्रयत्न आल्विन गोल्डमनचा विश्वसनीयतावाद, 1979 सालचा. तो म्हणतो, माणसाला स्वतःचं मत समजावून सांगता येतं की नाही हे सोडा. ते मत ज्या प्रक्रियेतून तयार झालं ती प्रक्रिया बहुतेक वेळा खरी मतं देते का, एवढं पाहा. चांगली नजर, चांगली स्मृती, चांगलं अनुमान, म्हणजे समर्थन आहे.

याला सॉक्रेटिसने काय विचारलं असतं? बहुधा नेहमीसारखा भोळा प्रश्न : कुठली प्रक्रिया, राजा? आमच्या समितीचीच घ्या. 'बाकाखाली चिठ्ठी सापडली म्हणजे बाकावर बसलेल्याची' ही प्रक्रिया एकंदरीत ठीक असेल. 'दोन सत्रांच्या मध्ये बाक न झाडता, दुपारी सापडलेली चिठ्ठी दुपारच्या मुलाची' ही तितकी ठीक नाही. 'दमलेले तीन प्राध्यापक साडेपाचची बस गाठायच्या आधी जो निष्कर्ष काढतात तो' ही आणखी वेगळी. घटना एकच, तिला म्हणाल तितक्या प्रक्रियांची नावं देता येतात, आणि नाव बदललं की विश्वसनीयता बदलते. हा आक्षेप साहित्यात प्रसिद्ध आहे, मी शोधलेला नाही. मला त्यात पुढची गोष्ट दिसते. नाव कोण ठरवतं? आमच्या प्रकरणात आम्हीच ठरवलं, न्याय करणाऱ्यांनी. बाक झाडले होते का, हे विचारायचं आमच्या हातात होतं. आम्ही विचारलं नाही. ही चूक ज्ञानाची की नीतीची? तुम्हीच सांगा, कुठल्या पेपरात घालायची.

आणि इथेच मला ए. जे. एअर आठवतो. हा विसाव्या शतकातला फार तेजस्वी, थोडा उद्धट माणूस. 1936 साली, पंचविशीत असताना, त्याने 'लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक' लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं : "चोरी करणं वाईट" या वाक्यात 'वाईट' हा शब्द कुठलीही माहिती देत नाही. तो बोलणाऱ्याची नापसंती व्यक्त करतो, आवाज चढवल्यासारखा. म्हणून नैतिक विधान खरं किंवा खोटं असूच शकत नाही. हा भावनावाद. पुढे वीस वर्षांनी, 1956 मध्ये, त्याच एअरने 'द प्रॉब्लेम ऑफ नॉलेज' लिहिलं. तिथे त्याने ज्ञानाच्या तीन अटी दिल्या : गोष्ट खरी असावी, माणसाला तिची खात्री असावी, आणि अशी खात्री बाळगण्याचा त्याला हक्क असावा. गेटियरने आपल्या लेखात ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांत एअर आहे.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवा. एकात म्हटलं आहे की योग्य-अयोग्य हे शब्द भावनेचे उद्गार. दुसऱ्यात ज्ञानाच्या व्याख्येच्या मध्यभागी 'हक्क' हा शब्द बसलेला आहे. हक्क कोणी दिला? तो आहे की नाही, हे खरं-खोटं ठरू शकतं का? ठरत असेल, तर निदान एका तऱ्हेचं 'योग्य' निव्वळ भावना नव्हे, हे कबूल करावं लागेल. ठरत नसेल, तर "पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपल्याला माहीत आहे" या वाक्यातही अर्धी टाळी आणि अर्धी शिट्टी आहे.

एअरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्याचा पाठीराखा म्हणेल, हा हक्क नैतिक नाही, बौद्धिक आहे. बुद्धिबळात घोड्याला अडीच घरं जायचा हक्क असतो, तसा. बरं. मग मी आमच्या समितीकडे बोट दाखवतो. त्या दुपारी आम्हाला खात्री बाळगण्याचा हक्क होता का, या प्रश्नातला 'हक्क' बुद्धिबळातला आहे असं त्या मुलाला सांगून बघा. त्याचं वर्ष गेलं होतं. माहिती आणि वागणूक यांचा सांधा जिथे आहे, तिथे हे दोन हक्क वेगळे करता येत नाहीत. म्हणूनच मला ती ओसरी महत्त्वाची वाटते. सॉक्रेटिस सकाळचा प्रश्न घरी ठेवून दुपारी तिथे गेला नव्हता.

ओसरीवर काय झालं? युथिफ्रो आपल्या सख्ख्या बापावर मनुष्यवधाचा खटला घालायला आलाय, आणि आपण धर्म्यच करतोय याबद्दल त्याला कणभर शंका नाही. सॉक्रेटिस त्याला विचारतो, धर्म्य म्हणजे काय? तो म्हणतो, देवांना जे प्रिय ते. मग येतो तो प्रश्न, ज्याने गेली चोवीसशे वर्षं लोकांची झोप उडवली आहे : ते धर्म्य आहे म्हणून देवांना प्रिय, की देवांना प्रिय आहे म्हणून धर्म्य?

पुष्कळांना वाटतं, हा प्रश्न देव मानणाऱ्यांसाठी आहे. अजिबात नाही. 'देव' हा शब्द काढा आणि तिथे आधुनिक सिद्धान्ताचा जो कोणी मानकरी असेल तो बसवा. रॉडरिक फर्थने 1952 साली आदर्श निरीक्षक आणला : सर्वज्ञ, निःपक्षपाती, शांत डोक्याचा असा कोणी असता तर त्याने जे मान्य केलं असतं ते योग्य. विचारा : ते योग्य आहे म्हणून तो मान्य करेल, की तो मान्य करेल म्हणून योग्य? पहिलं उत्तर दिलं तर निरीक्षकाची गरज उरत नाही. दुसरं दिलं तर त्याला निःपक्षपातीच का बनवलं, तापट का नाही बनवलं? कारण निःपक्षपात योग्य आहे, हे आपण आधीच गृहीत धरलंय. देव घडवणारे आपणच आणि कौलही आपल्याच मनासारखा. रॉल्सने 1971 मध्ये ही अडचण ओळखली होती; आपली आधीची विचारपूर्वक बनलेली नैतिक मतं आणि कराराची मांडणी एकमेकांशी जुळवत जायचं, असं तो उघड सांगतो. त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्याला जास्त मार्क देईन.

या प्रश्नाचा आपल्याशी अगदी जवळचा धागा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'संवैधानिक नीती' ही कल्पना मांडली, आणि ती त्यांनी घेतली जॉर्ज ग्रोटकडून. ग्रोट म्हणजे ग्रीसचा मोठा इतिहास लिहिणारा इंग्रज, मिलच्या वर्तुळातला, आणि प्लेटोवरही मोठा ग्रंथ लिहिलेला. अथेन्सच्या लोकशाहीबद्दलचं त्याचं निरीक्षण बाबासाहेबांनी संविधान सभेत आणलं. त्यांचा मुद्दा असा की ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. आता युथिफ्रोचा प्रश्न लावा. संविधानात आहे म्हणून समता योग्य, की योग्य आहे म्हणून संविधानात? बाबासाहेबांनी आयुष्यभर जे केलं ते पाहिलं तर उत्तर स्पष्ट आहे. महाडला ते गेले 1927 मध्ये. तेव्हा कुठलं संविधान? पण भाषणातला 'जोपासावी लागते' हा शब्द मला एअरच्या आणि फर्थच्या पलीकडचा वाटतो. योग्य काय हे नुसती भावना सांगत नाही, आकाशातला निरीक्षकही सांगत नाही. ते कळायला सराव लागतो, आणि सराव चुकूही शकतो. ज्ञानाबद्दलही आपण असंच बोलतो ना?

आता सॉक्रेटिसवर माझी तक्रार.

पहिली तक्रार माझी नाही, पीटर गीचची आहे, 1966 सालची. तो म्हणतो, व्याख्या देता येत नसेल तर तुला त्या गोष्टीची उदाहरणंही ओळखता येणार नाहीत, असं सॉक्रेटिस धरून चालतो, आणि हे चूक आहे. आईला माया म्हणजे काय याची व्याख्या येत नाही, म्हणून काय तिला माया ओळखता येत नाही? सॉक्रेटिस खरंच असं मानत होता का, यावर वाद आहे. पण त्याच्या वारसांनी मानलं, हे नक्की. गेटियरनंतरची दुरुस्त्यांची रांग ही याच भुकेतून आलेली. 2000 साली टिमथी विल्यमसनने सांगितलं की ज्ञानाचे तुकडे करून व्याख्या करायचा नाद सोडा, ज्ञान हीच मूळ कल्पना धरा, तेव्हा मला पुष्कळ हलकं वाटलं.

सॉक्रेटिसचं जे खरं बळ होतं, ते मात्र वारसांनी घेतलं नाही. त्याचा एक नियम होता, तो पुन्हा पुन्हा समोरच्याला बजावतो : तुला स्वतःला जे वाटतं तेच उत्तर दे, वादापुरतं काही बोलू नकोस. म्हणजे प्रश्न मताला असतोच, पण माणसालाही असतो. स्मिथ आणि जोन्सला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण तिथे कोणी नाहीच. त्या दहा नाण्यांमुळे कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या विषयातल्या नियतकालिकांत पन्नास-साठ वर्षं अशाच बिननावाच्या लोकांवर चर्चा चालली आणि मीही तीच वर्गात आणली, अहवालावर सही केल्यानंतरसुद्धा. दुसऱ्याच दिवशी मी गेटियर शिकवला असेन, सांगता येत नाही. दोन्हीचा संबंध मला दिसला नाही.

दुसरी तक्रार माझी स्वतःची. युथिफ्रोचा खटला कशाबद्दल आहे? नॅक्सॉस बेटावर त्यांची शेती होती. तिथल्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला मारलं. युथिफ्रोच्या बापाने त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि आता काय करायचं हे विचारायला माणूस अथेन्सला पाठवला. निरोप परत येईपर्यंत तो मजूर थंडीने आणि उपासमारीने खड्ड्यात मेला. एवढी ही हकिगत. युथिफ्रो गर्विष्ठ आहे, पोकळ आहे, सगळं खरं. पण मारणारा परका की आपला, मेलेला परका की आपला, याने काय फरक पडतो, असं तो म्हणतो, आणि ते सॉक्रेटिसच्या कुठल्याही वाक्याइतकं चांगलं आहे. सॉक्रेटिस त्यावर थांबत नाही. व्याख्येकडे वळतो, आणि मजूर पुन्हा संवादात येतो तो वादातला मुद्दा म्हणून. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. गुलामाचंही नाही. हा संवाद शिकलेल्या विद्यार्थ्यांना मी कधीकधी विचारतो, खड्ड्यात कोण मेलं? दहातले आठ जण सांगू शकत नाहीत. देवांना काय प्रिय, ते सगळ्यांना पाठ असतं.

घड्याळ मला दिसतंय. त्या लग्नातली गोष्ट पुरी करतो आणि थांबतो, मग प्रश्न घेऊ.

तो मुलगा, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ, त्याने मला विचारलं, "सर, तेव्हा तुम्हाला खरंच माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही, माहीत नव्हतं. मला वाटलं तो वर्ष वाया गेल्याबद्दल बोलेल. तसं काही नाही. म्हणाला, "कॉपी केली होती, वर्ष गेलं, फिटलं. पण मी त्या खोलीत एकच वाक्य बोललो होतो, चिठ्ठी माझी नाही. ते खरं होतं. आणि तुम्ही अहवालात लिहिलंत की विद्यार्थी खोटं बोलत आहे."

तसं लिहिलं होतं खरं. ते वाक्य मीच घातलं होतं. अहवालाची भाषा नीट करायचं काम त्या तिघांत माझ्याकडे असायचं. अहवाल कॉलेजच्या दप्तरात असणार, अजून. पुढच्या आठवड्यात मी तिथल्या प्राचार्यांना एक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही, आणि त्याला मी ते अजून सांगितलेलं नाही.

हं. आता प्रश्न. माईक मागे द्या.